घरच्या एस्प्रेसोची घडी बसवताना

(मंडळाच्या गणेशोत्सवात सभासदांच्या संध्याकाळी केलेले भाषण)

 गणपती बाप्पा मोरया!

कार्यक्रमपत्रिका वाचून काही जणांनी आम्हाला विचारलं, "कॉफीवर वीस मिनिटं काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. आपलं बेळगाव चहाचं गाव. इथे पाहुण्याला "चहा घेणार का?" असं विचारायचीही पद्धत नाही, आधण थेट चुलीवर चढतं. खरं तर आम्ही मशीन इथे आणून दाखवणार होतो. पण ते तापताना तेराशे वॅट ओढतं, आणि मंडपाचं लायटिंग बघणाऱ्या दादांनी हात जोडले. म्हणाले, "साहेब, आरतीत अंधार झाला तर लोक विसर्जनाआधी मलाच बुडवतील." म्हणून आज नुसतं बोलणं.

आणखी एक खुलासा. आम्ही म्हणजे आम्ही दोघं, नवरा-बायको. बोलणारा एक आहे, पण यातलं निम्मं सौ.चं आहे आणि ती दुसऱ्या ओळीत बसलीय. काही चुकलं तर दुरुस्ती तिथूनच येईल.

आमच्यातला एक सरकारी नोकर. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, आणि नोकरी वजन-माप खात्यात. दुकानदारांचे तराजू तपासायचे, काट्यावर प्रमाणित वजनं ठेवून बघायची, बरोबर असेल तर शिक्का, नसेल तर नोटीस. बदलीची नोकरी असल्यामुळे तीन वर्षं आम्ही चिक्कमगळूरला होतो. कॉफी आमच्या घरात आली ती तिथून.

चिक्कमगळूरला कॉफीची गोष्ट सगळेच सांगतात. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाचे सूफी संत हजच्या यात्रेहून परत येताना येमेनमधून कॉफीच्या सात बिया लपवून घेऊन आले आणि त्यांनी त्या डोंगरावर लावल्या. तोच आजचा बाबाबुडनगिरी. आज देशातली साधारण सत्तर टक्के कॉफी आपल्या कर्नाटकात पिकते. शेजारच्या अज्जींनी सौ.ला पितळी फिल्टर कसा लावायचा ते शिकवलं. वरच्या भांड्यात पूड, त्यावर उकळतं पाणी, आणि मग रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी खाली दाट डिकॉक्शन तयार. बेळगावला परत आलो तेव्हा सामानात तो फिल्टर होता आणि सवयही होती. सकाळी सहा वाजता घरात कॉफीचा वास सुटला की सगळे उठायचे. गजराची गरज नव्हती.

मे २०२१ मध्ये आम्हा दोघांनाही कोविड झाला. तसा सौम्य होता, घरीच बरे झालो. एकाचा वास आठ दिवसांत परत आला. सौ.चा आला नाही.

ज्यांनी हे अनुभवलं नाही त्यांना ही गोष्ट किरकोळ वाटते. हातपाय धड आहेत ना, मग झालं! पण ज्या बाईच्या हाती स्वयंपाकघर आहे तिचा वास जातो म्हणजे काय होतं? दूध उतू जाऊन करपलं तरी कळत नाही. गॅस सुरू राहिला तरी कळत नाही. फोडणी कधी झाली ते डोळ्यांनी बघावं लागतं. त्या वर्षीच्या गणपतीत तिने उकडीचे मोदक केले. नेहमीसारखेच झाले, कारण हात सरावलेला होता. नैवेद्याचं ताट भरताना ती हसून म्हणाली, "नैवेद्याचा वास घ्यायचा नसतोच. आता आपोआप पाळलं जातंय." आम्ही दोघंही हसलो. मग ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

डॉक्टरांनी वासाचा व्यायाम सांगितला होता. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. हे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी वीस-पंचवीस सेकंद, मन लावून घ्यायचे. आला नाही तरी घ्यायचे. त्यासाठी आम्ही एक वही केली. तारीख, चार वास, आणि दहापैकी किती कळला. पहिली कित्येक पानं शून्यांची आहेत. ही वही लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

या काळात फिल्टर बंद पडला. सौ. म्हणायची, "नुसतं गरम पाणी प्यायल्यासारखं वाटतं." पण एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. नाकाचा वास गेला तरी जिभेची चव गेली नव्हती. आंबट, कडू, गोड, खारट हे चारही स्वच्छ कळत होते. त्याच सुमारास ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचा मुलगा नोकरीसाठी परदेशी निघाला होता आणि त्याचं एस्प्रेसोचं छोटं मशीन विकायचं होतं. साडेआठ हजार. सौ. म्हणाली, "अहो, घेऊ या. जिभेला कळेल असं काहीतरी कडक पाजा मला." गणपतीच्या आदल्या महिन्यात मशीन घरी आलं.

आता थोडं मशीनविषयी. एस्प्रेसो म्हणजे कॉफीच्या दळलेल्या पुडीतून गरम पाणी जोराच्या दाबाने ढकलणं. फिल्टरमध्ये पाणी आपल्या वजनाने उतरतं, त्याला तासन्तास लागतात. इथे अर्ध्या मिनिटात काम होतं. १८८४ साली इटलीत तुरिनच्या अँजेलो मोरिओंदोने वाफेवर चालणाऱ्या अशा मशीनचं पेटंट घेतलं. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेराने एकेका कपाची कॉफी काढणारं मशीन आणलं. पण वाफेचा दाब कमी आणि उष्णता जास्त, म्हणून कॉफी करपायची. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाज्जियाने दांडा आणि स्प्रिंग लावून दाब वाढवला, तेव्हा कपावर तपकिरी साय दिसू लागली. तिला क्रेमा म्हणतात. चांगल्या क्रेमाचा रंग साधारण आपल्या कुंद्यासारखा असतो, एवढं सांगितलं की बेळगावकराला पुढे समजावावं लागत नाही. १९६१ मध्ये विजेचा पंप असलेलं मशीन आलं, आणि नऊ बार हा दाब रूढ झाला. नऊ बार म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या जवळजवळ नऊ पट. घरगुती मशीनच्या खोक्यावर पंधरा बार असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. ती पंपाची ताकद झाली. पुडीवर नऊच्या आसपास दाब हवा, त्याहून जास्त असण्यात काही भूषण नाही.

मशीन आलं त्या रविवारी आम्ही ते मोठ्या उत्साहाने लावलं. सोळा अँपिअरचा प्लग, अर्थिंग तपासलेलं. तिथे डिप्लोमा उपयोगी पडला. पुढे मात्र डिप्लोमा कामी आला नाही.

पहिल्या दिवशी घरात होती तीच फिल्टरची पूड घातली. नऊ सेकंदांत कप भरला. पाणचट आणि आंबट. दुसऱ्या दिवशी बिया आणून मिक्सरमध्ये फिरवल्या. मिक्सर बी दळत नाही, फोडतो. निम्मं पीठ झालं आणि निम्मा रवा. कॉफी एकाच वेळी कडूही आणि आंबटही झाली. तिसऱ्या दिवशी बाजारातली चिकोरीची पूड घातली. मशीन घुरघुरलं, थरथरलं, आणि थेंबाथेंबाने काळं काहीतरी आलं. चिकोरी फिल्टरमध्ये चालते, नियमाप्रमाणे एकोणपन्नास टक्क्यांपर्यंत मिसळताही येते, पण या मशीनच्या बारीक जाळीत ती चिकटून बसते. आमच्या वडिलांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "काढ्याला एवढं मोठं मशीन कशाला लागतं रे?"

मशीन खराब आहे असं आमचं ठरलं. विकणाऱ्याने फसवलं, इथपर्यंत बोलणं गेलं. चौकशी करता करता कळलं की दोष मशीनचा नव्हता, दोष दळणाचा होता. एस्प्रेसोत मशीनपेक्षा ग्राइंडर महत्त्वाचा. हे आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून आज तुम्हाला सांगतोय. ज्यांना घ्यायचं असेल त्यांनी बजेटचे दोन भाग करावेत आणि ग्राइंडरचा भाग आधी बाजूला काढावा. आम्ही हाताने फिरवायचा, पोलादी पात्यांचा ग्राइंडर घेतला. त्याला खटके असतात. एकेक खटका मागे-पुढे केला की दळण थोडं जाड किंवा थोडं बारीक होतं. गिरणीत आपण थालीपिठाची भाजणी, भाकरीचं पीठ वेगवेगळं सांगतो तसंच. फक्त इथे एका खटक्याने सगळं बदलतं.

दुसरी गोष्ट सापडली ती जाळीची. मशीनसोबत आलेल्या जाळीला खाली एकच बारीक भोक होतं. अशा जाळीत दळण कसंही असलं तरी फेस येतो. नवशिक्यासाठी सोय म्हणून ती देतात, पण तिच्यामुळे आपली चूक कळतच नाही. आम्ही साधी, एका थराची, अनेक भोकांची जाळी मागवली. त्या दिवसापासून आमच्या चुका दिसायला लागल्या आणि शिकणं सुरू झालं.

तिसरी गोष्ट सांगायला थोडी लाज वाटते. आम्ही पूड चमच्याने घालत होतो. दिवसभर दुसऱ्यांच्या काट्यावर दोन-पाच ग्रॅमचा फरक पकडायचा, आणि घरी येऊन "दीड चमचा, थोडा शिगोशीग". सौ.नेच एकदा विचारलं, "अहो, तुमच्या खात्यात चमच्यावर शिक्का मारतात का?" दुसऱ्याच दिवशी एक दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घरी आला. मग मोजून पाहिलं तर एकाच चमच्यात कधी पाच ग्रॅम, कधी सात. इतका फरक असेल तर रोजची कॉफी वेगळी होणारच.

आता मुख्य काम, मशीनची घडी बसवणं. गायक मंडळी मैफलीआधी तंबोरा लावतात, तसं हे लावणं. प्रत्येक नव्या बियांबरोबर ते पुन्हा करावं लागतं. पद्धत सोपी आहे. तीन आकडे असतात. पूड किती ग्रॅम घातली, कपात कॉफी किती ग्रॅम उतरली, आणि किती सेकंद लागले. पुडीच्या दुप्पट कॉफी, पंचवीस ते तीस सेकंदांत, इथून सुरुवात करायची. आमच्या जाळीत सोळा ग्रॅम पूड बसते, म्हणून कपात बत्तीस ग्रॅम. यातले पहिले दोन आकडे घट्ट धरून ठेवायचे. बदलायचं फक्त दळण. एका वेळी एकच गोष्ट.

वासाची वही उलटी करून आम्ही मागच्या बाजूने लिहायला सुरुवात केली. ते पान अजून आहे. खटका चौदा : तेरा सेकंद. आंबट, पातळ. खटका बारा : एकोणीस सेकंद. आंबट. खटका नऊ : चव्वेचाळीस सेकंद. कडू, जीभ कोरडी पडते. खटका दहा : एकतीस सेकंद. पुढे सौ.च्या अक्षरात : "गोड?" प्रश्नचिन्हासकट.

याचं कारण असं आहे. पाणी पुडीतून जाताना आधी आंबट भाग विरघळतो, नंतर गोडवा, आणि शेवटी कडवटपणा. पाणी घाईने निघून गेलं तर नुसता आंबटपणा हाती येतो. जास्त वेळ रेंगाळलं तर कडू. दळण बारीक केलं की पाण्याला वाट कमी आणि वेळ जास्त. म्हणून आंबट लागलं तर बारीक करा, कडू लागलं तर जाड करा. एवढं एक वाक्य घरी घेऊन गेलात तरी आजची संध्याकाळ वाया गेली नाही.

पण आंबट की कडू, हे ठरवणार कोण? खरी गंमत इथेच झाली. आमच्यातल्या ज्याचं नाक शाबूत होतं, त्याला प्रत्येक कप चांगलाच लागायचा. कप तोंडाजवळ नेला की वास येतो, मन खूश होतं, आणि जीभ काय सांगतेय ते ऐकूच येत नाही. सौ.ला वासाचं आमिषच नव्हतं. ती घोट घ्यायची, डोळे मिटायची आणि सांगायची, "आंबट. कैरी खाल्ल्यावर दात आंबतात तसं." एकदा आम्ही परीक्षा घेतली. पाच कप काढले, क्रम उलटसुलट केला, आकडे झाकून ठेवले. पाचपैकी चार वेळा तिने बरोबर ओळखलं की कुठला घाईत उतरलेला आणि कुठला रेंगाळलेला. नाक असलेल्याने दोनच ओळखले. त्या दिवशी घरात ठरलं. दळायचं, मोजायचं काम एकाचं, निकाल मात्र सौ.चा.

चार महिने ज्या गोष्टीपायी ती स्वतःला अपुरी समजत होती, तीच गोष्ट इथे उपयोगाची निघाली. हे आम्ही तेव्हा एकमेकांना बोलून दाखवलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तापायच्या आत ती काट्याजवळ येऊन उभी होती.

उत्साहात आणखी एक चूक झाली, तीही सांगतो. एका संध्याकाळी सात-आठ कप काढले आणि सगळे प्यायलो. रात्री दोन वाजता दोघंही छताकडे बघत पडलेलो. शिवाय पित्त. तेव्हापासून चाखायचं, खळखळून थुंकायचं आणि दिवसाला दोनच कप काढायचे. घडी बसायला आठवडा लागला तर लागू दे.

बाकीच्या बारीकसारीक गोष्टी आता भरभर सांगतो.

कधी कधी सगळे आकडे तेच, तरी कॉफी वीस सेकंदांत पळते. याचा अर्थ पाण्याने पुडीत चोरवाट काढली. पुडीत गुठळ्या राहिल्या किंवा ती एका बाजूला जास्त झाली की असं होतं. आम्ही बाटलीच्या बुचात चार-पाच बारीक सुया खोचल्या आणि त्याने पूड हलकेच मोकळी करतो. मग वरून दाबायचं. ताकद लावायची गरज नाही, दाब सपाट हवा.

मशीनचा दिवा लागला म्हणजे मशीन तापलं असं नाही. आत पाणी तापतं, पण मुठीचा जड दांडा गारच असतो. दांडा मशीनला लावून पंधरा-वीस मिनिटं तापू द्यायचं आणि एकदा नुसतं पाणी सोडायचं. पुडीवर पडताना पाणी नव्वद ते शहाण्णव अंशांच्या दरम्यान हवं. थंड पाण्याची कॉफी आंबटच होणार, मग दळण कितीही बदला.

बियांच्या पाकिटावर भाजल्याची तारीख बघून घ्या. नुसती वापरण्याची मुदत छापलेली असेल तर ते पाकीट ठेवून द्या. पण कालच भाजलेल्या बियाही नकोत. त्यात वायू कोंडलेला असतो, नुसता फेस येतो. आठ-दहा दिवस थांबून सुरू करायचं आणि महिन्या-दीड महिन्यात संपवायचं. हवाबंद डबा आणि कोरडी जागा. आपल्याकडे जुलैच्या पावसात पापडसुद्धा सादळतात, मग बियांचं काय? पावसाळ्यात आम्हाला एखादा खटका मागे-पुढे करावाच लागतो.

कुठल्या बिया, असं काही जण विचारतात. नुसती अरेबिका वासाला छान, पण अंगाने हलकी आणि थोडी आंबट. रोबस्टा कडक, क्रेमा दाट. आम्ही मिसळ घेतो. आणि लोक आयात केलेल्या इटालियन डब्यांवर पैसे घालवतात, त्यांना एक सांगायचंय. आपली रोबस्टा इटलीला जाते आणि तिथल्या एस्प्रेसोच्या मिसळीत पडते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी हवेत मुरवलेल्या मॉन्सून्ड मलबारलाही तिथे मान आहे. आपलाच माल परत विकत घेण्यापेक्षा इथेच ताज्या बिया घ्याव्यात.

पाण्याचं एक. बोअरच्या जड पाण्याने मशीनच्या आत क्षार बसतो, चहाच्या किटलीत पांढरा थर दिसतो तसाच. अगदी क्षार काढून टाकलेल्या पाण्याची कॉफी मात्र बेचव होते. आम्ही नळाचं पाणी गाळून वापरतो आणि दर दोन-तीन महिन्यांनी लिंबाच्या सत्त्वाच्या पाण्याने मशीन धुतो. तुमच्या मशीनला ते चालतं का, हे पुस्तिकेत बघून मगच करा.

दुधाची कॉफी करणाऱ्यांनी दूध वाफेवर साठ-पासष्ट अंशांपर्यंतच तापवावं. भांड्याला हात लावून धरवेनासं झालं की थांबायचं. उकळलं की दुधाचा गोडवा जातो.

आता वहीकडे परत येतो.

ऑक्टोबरमध्ये वेगळंच घडलं. सौ.ला वास यायला लागला, पण उलटा. कांदा परतला की सडल्यासारखा. आणि कॉफी? जळक्या रबरासारखी. ग्राइंडर फिरवला की ती तोंडावर पदर धरून बाहेर जायची. डॉक्टर म्हणाले, नसा पुन्हा जुळताना असं अनेकांना होतं, आणि त्यात कॉफीचा वास हमखास बिघडतो. हे चांगलं लक्षण आहे असंही म्हणाले. पण जळकं रबर ज्याला येतं त्याला चांगलं लक्षण कसं वाटणार?

मशीनवर फडकं टाकलं. दिवाळी गेली, नाताळ गेला. वासाचा व्यायाम मात्र तिने सोडला नाही. समोरच्या बाजूने वही चालू राहिली, मागच्या बाजूने थांबली. जानेवारीत आम्ही मशीन विकायचं ठरवलं. एक जण बघायला येणार होता. आदल्या रात्री फडकं काढून मशीन पुसताना सौ. म्हणाली, "विकू नका. मला आत्ता नको आहे, पण विकू नका." घेणाऱ्याला फोन करून नाही म्हटलं.

फेब्रुवारीत एका सकाळी तिनेच ग्राइंडर काढला. खिडकी उघडी ठेवली. सोळा ग्रॅम, बत्तीस ग्रॅम, अठ्ठावीस सेकंद. तिने कप नाकाजवळ नेला आणि बराच वेळ धरून ठेवला. आम्ही विचारलं, "रबर?" ती म्हणाली, "थोडं आहे. पण त्याच्या मागे कॉफी आहे." वहीत समोरच्या बाजूला तिने पाचवा रकाना आखला आणि लिहिलं, कॉफी, दहापैकी दोन.

आज तो आकडा सातवर आहे. लवंग आणि लिंबू कळतात. गुलाब अजून कळत नाही. दूध करपलेलं कधी कळतं, कधी नाही, म्हणून स्वयंपाकघरात गॅसगळतीचा अलार्म बसवलाय आणि दूध तापताना आमच्यापैकी कुणीतरी उभं राहतं. सगळं पूर्ववत झालं असं आम्ही सांगणार नाही, कारण झालेलं नाही. ज्यांच्या घरी असा माणूस असेल त्यांना एवढंच सांगू. "अजून वास आला नाही का?" असं रोज विचारू नका. सोबत बसून लवंग हुंगा आणि वहीत आकडा लिहा. शून्य असला तरी लिहा. पुढे कधीतरी एक येतो, आणि मागची शून्यं लिहिलेली नसतील तर तो एक दिसतच नाही.

कॉफीच्या बाबतीतही आमचं सांगणं तेच आहे. मोजा, लिहा, एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि निकाल एकट्याने लावू नका. एस्प्रेसोचं मशीन घ्याच, असा आमचा आग्रह नाही. घरी पितळी फिल्टर असेल तर तोही काट्यावर पूड मोजून लावून बघा. महिनाभरात फरक कळेल. आमचाही फिल्टर पुन्हा सुरू झालाय. वडिलांना तीच कॉफी लागते, मशीनच्या कॉफीला ते अजून काढाच म्हणतात.

ज्यांना बघायचं असेल त्यांनी विसर्जनानंतरच्या कुठल्याही रविवारी घरी यावं. फक्त दोघादोघांनी या, कारण मशीन एका वेळी दोनच कप काढतं. आणि कप हातात आल्यावर "छान झालीय" असं लगेच म्हणू नका. आधी सौ. काय म्हणते ते ऐका.

 आरतीची वेळ झाली आहे, आणि लाईट अजून आहेत.

गणपती बाप्पा मोरया!